शंभर टनांचा हिशेब

अ‍ॅटलसचं वजन शंभर टन, लोकस्टचं वीस. ‘बॅटलटेक’ खेळणाऱ्याला हे आकडे तोंडपाठ असतात. 1984 साली शिकागोच्या ‘फासा’ कंपनीनं काढलेल्या या पटावरच्या खेळातले अजस्र रोबो आत बसलेला माणूस चालवतो. त्यांची प्रतवारी वजनावरच होते: 20 ते 35 टन हलके, 40 ते 55 मध्यम, 60 ते 75 जड आणि 80 ते 100 अतिजड. उंचीचं म्हणाल तर नियमपुस्तकात एक ढोबळ हिशेब आहे. पटावरची एक पातळी सहा मीटरची आणि रोबो दोन पातळ्यांचा. म्हणजे लोकस्ट बारा मीटर आणि अ‍ॅटलसही बारा मीटर. आडोशामागचा शत्रू दिसतो की नाही, हे ठरवायला तेवढं पुरतं. मला शाळकरी वयात ते पुरेना. अमेरिकेहून आलेल्या आत्तेभावानं ते पुस्तक मला दिलं आणि हे रोबो खरोखर केवढे असतील, या प्रश्नानं मला धरलं.

घरात हा प्रश्न मामांनी मनावर घेतला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ते पॅटर्नमेकर होते. पंपाची बॉडी, गिअरबॉक्सचं कव्हर, जे काही बिडात ओतायचं असेल त्याचा लाकडी पॅटर्न ते घडवत. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं, म्हणून त्यांची मोजपट्टीच तेवढी वाढीव आखलेली असे. लाकडी पॅटर्न तोलून, लाकूड आणि बीड यांच्या घनतेचं गुणोत्तर लावून ओतकामाला किती माल लागेल ते आधीच सांगत. माझं पुस्तक त्यांनी हातात घेतलं, चष्मा लावून अ‍ॅटलसचं चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “ह्यात माणूस कुठं बसतो?”

“डोक्यात.”

“मग तिथनं माप धर. बाकी सगळं चित्रकाराच्या मर्जीचं, माणूस तेवढा ठरलेला.”

बसलेल्या माणसाला आसनासकट दीड मीटर तरी उंची लागते. डोकं तेवढं धरायचं आणि चित्रात ते एकूण उंचीचा कितवा हिस्सा आहे ते मोजायचं. पुढं वजनाशी मेळ घालायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, “उंची बघून वजन सांगत नसतात रं. आधी आकारमान काढ.” आणि त्यांनी सागवानाच्या उरलेल्या तुकड्यातून बारा सेंटिमीटरचा अ‍ॅटलस कोरला. एकास शंभर हे प्रमाण त्यांनी विचार करून निवडलं होतं. शंभराचा घन दहा लाख; म्हणून त्या बाहुल्यानं सारलेलं एक मिलिलिटर पाणी म्हणजे खऱ्या रोबोचा एक घनमीटर. लाखेचा हात देऊन तो मोजपात्रात बुडवला, तेव्हा पाणी पन्नास मिलिलिटरच्या आसपास चढलं. शंभर टन भागिले पन्नास घनमीटर: घनता पाण्याच्या दुप्पट. बिडाची घनता पाण्याच्या सातपटीहून थोडी जास्त. “म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जरा जास्त धातू, बाकी पोकळ,” मामा म्हणाले. “आत यंत्रं बसवायला जागा राहतेय. हा पुस्तकवाला खोटं बोलत नाही.”

त्या एका पाण्याच्या मापानं माझ्यापुढं केवढं दालन उघडलं! मी जपानी गंडमला तीच कसोटी लावली. 1979 सालच्या मालिकेतला तो रोबो 18 मीटर उंच आणि रिकामा 43.4 टन. सत्तर किलोचा, 1.7 मीटरचा माणूस तेवढा वाढवला तर त्र्याऐंशी टन भरतो. म्हणजे गंडम पाण्यावर तरंगेल. अ‍ॅटलस लोकस्टच्या पाचपट जड. घडण आणि घनता सारखी धरली तर उंची पाचाच्या घनमुळाइतकी, म्हणजे 1.71 पटच. पृष्ठभाग 2.9 पट. चिलखत मात्र अ‍ॅटलसच्या मूळ आवृत्तीत 19 टन आणि लोकस्टच्या 4 टन, पावणेपाच पट. म्हणजे पत्रा सव्वा-दीड पटीहूनही जाड, साधारण 1.6 पट. गॅलिलिओनं 1638 साली छापलेला नियम मला असा, चिलखताच्या जाडीतून समजला: लांबी वाढते त्याच्या वर्गानं पृष्ठ वाढतं आणि घनानं वजन.

पुढं याच रोबोंच्या, संगणकावरच्या ‘मेकवॉरियर ऑनलाइन’ या खेळामध्ये हाच प्रश्न जिवावरचा झाला. मध्यम वजनाचा रोबो जडाएवढा थोराड दिसला, की तो नेम धरायला सोपा आणि चिलखत मात्र मध्यमाचंच. 2016 साली त्या खेळाच्या निर्मात्यांनी, पिरान्हा गेम्सनं, घनफळाच्या आधारानं रोबोंचे आकार नव्यानं बसवले. ते वाचलं तेव्हा मामांची फार आठवण आली. उद्यमनगरातल्या एका कारागिरानं संगणकाचा खेळ कधी न खेळता नेमकी तीच वाट धरली होती.

आज मी त्रिमितीय प्रतिकृती घडवून पोट भरतो. नव्या मुलांनी एखादं यंत्र दाखवलं, की माझा पहिला प्रश्न असतो: यात माणूस कुठं बसतो? मामांनी मला गणित दिलं, हे तर खरंच. त्याहून मोठं देणं असं, की गिऱ्हाइकाच्या पंपाला आणि भाच्याच्या कल्पनेतल्या रोबोला त्यांनी एकाच काटेकोरपणानं मोजलं. पोराचं वेड म्हणून ते हसले असते, तर मी मोजणं तिथंच सोडलं असतं. खेळ संपल्यावर पडद्यावर सरकणाऱ्या श्रेयनामावलीत अशा माणसांना जागा नसते. माझ्या हातून घडलेल्या प्रत्येक मापात ते आहेत, आणि हे मी जाहीरपणे, कृतज्ञतेनं मान्य करतो.