राउंडचा रुपया

टर्मिनलवर नुसतं 'पायथन' लिहून एंटर दाबलं, तर कुठला पायथन उठेल? ऑफिसात नवीन आलेल्या पोरांना मी आधी एवढंच विचारतो. उत्तर पाथमध्ये असतं. मशीन त्या यादीतले फोल्डर ओळीनं चाळतं आणि त्या नावाची पहिली फाइल सापडली की थांबतं. पुढं आणखी चार पायथन बसलेले असले तरी त्यांना कोणी विचारत नाही.

राजारामपुरीतल्या आमच्याकडं काम येतं ते पतसंस्थांचं आणि गावोगावच्या दूध संस्थांचं. एकदा बसलेलं सॉफ्टवेअर ही मंडळी हलवू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. त्यामुळं एकाच लॅपटॉपवर २.७ही लागतो आणि ३.१२ही. २.७ खरं तर २०१५ मध्येच बंद व्हायचा होता. मुदत वाढून १ जानेवारी २०२० झाली आणि त्या एप्रिलमध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती आली. "सर, मेलेलं कशाला सांभाळायचं? काढून टाकूया की," असं कोणीतरी म्हणतंच.

मग मी त्याला राउंड चालवायला लावतो. साडेबारा रुपये व्याज, पूर्ण रुपयात आणायचं. २.७ म्हणतो १३. नवा म्हणतो १२. साडेतेराला मात्र दोघंही १४ म्हणतात! जुन्याचा नियम सरळ, अर्धा आला की वर. नवा अर्ध्यावर आला की जवळची सम संख्या धरतो. हिशेबशास्त्र म्हणून नव्याचं चुकत नाही. लाखभर नोंदींची बेरीज उगाच वर सरकत जात नाही. पण पासबुकावर तेरा छापून गेलेत. ऑडिटरला सम-विषम समजावत बसणार कोण? भागाकाराचा बदल सगळ्यांना ठाऊक असतो: फॅटचे ६५ आणि ६८ पॉइंट, सरासरी जुन्यात ६६, नव्यात ६६.५. म्हणून तो पकडला जातो. राउंड कसलीही एरर न देता रुपया खातो.

नवा हवा तोही कारणानंच. 'कोल्हापूर'ची लांबी २.७ ला विचारा, २७ सांगेल. त्याला अक्षरं दिसतच नाहीत, यूटीएफ-८ चे बाइट दिसतात. नवा ९ म्हणतो, ओकार, काना, ऊकार आणि हलन्त सुटे धरून. आपल्या डोळ्याला चारच अक्षरं. पावतीच्या रकान्यात सभासदाचं नाव बसवताना जुना बाइट मोजून कापतो, मग शेवटच्या अक्षराच्या जागी कचरा उमटतो. नव्यानंही रकाना नेमका जुळत नाही, पण निदान बाइट तुटत नाहीत.

दोघांना एकत्र नांदवायला आम्ही पायएन्व्ह वापरतो. तो पाथच्या सुरुवातीला आपला फोल्डर घालतो. त्यातला 'पायथन' नावापुरता. तो चालू फोल्डरात आवृत्तीची फाइल शोधतो, नसेल तर त्याच्या वरच्यात, आणि त्यातला आकडा वाचून खऱ्या पायथनला हाक मारतो. एका ओळीची फाइल, पण ती गिटमध्ये गेलीच पाहिजे असा माझा हट्ट आहे. पायएन्व्ह प्रत्येक आवृत्ती सोर्सवरून आपल्याच मशीनवर बांधतो. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला की सगळे चहाला जातात आणि शेवटची वॉर्निंग वाचायला कोणी नसतं: बीझेड२ ची लायब्ररी सापडली नाही. पायथन तयार होतो, चालतोही. कधीतरी जुना बॅकअप उघडायला गेलं की कळतं, तो भाग बांधलाच गेलेला नाही. तेव्हा लागणारी डेव्ह पॅकेजं चहाच्या आधी टाकावीत. उबुंटूच्या स्वतःच्या पायथनला मात्र हात लावायचा नाही. त्याची लिंक दुसरीकडं वळवली की टर्मिनलच उघडेनासं होतं, ॲप्टही कुरकुरतं.

एकेक संस्था आता आम्ही नव्यावर नेतोय. राउंडच्या जागी डेसिमलमधला 'अर्धा आला की वर' हा नियम उघड लिहायचा, मागच्या वर्षाचं व्याज दोन्ही पायथनवर काढायचं आणि दोन्ही फाइलींचा डिफ घ्यायचा. तो रिकामा आला तरच संस्थेच्या मशीनला हात. त्याआधीच्या वर्षांचे रिपोर्ट आम्ही हलवलेले नाहीत, हलवणारही नाही. २०१६ चा खातेउतारा मागायला सभासद अजून येतात, हातात तेव्हाचं पासबुक घेऊन, आणि तो उतारा २.७ च काढून देतो.