बर्जेर : बसायला सुरेख, उठायला?

खुर्ची दिसली की तिच्यातून उठता येईल का, हे मी आधी बघतो. पेशंट तपासता तपासता जडलेली सवय. पॅरिसच्या निसीम द कामोंदो संग्रहालयात अठराव्या शतकातलं फर्निचर बघतानाही ती सुटली नाही.

'बर्जेर' ही पंधराव्या लुईच्या कारकिर्दीत (१७१५ ते १७७४) लोकप्रिय झालेली फ्रेंच आरामखुर्ची. शब्दाचा अर्थ मेंढपाळीण! साध्या फ्रेंच हातखुर्चीत हाताखालची बाजू उघडी असते. बर्जेरमध्ये ती गादीसारखी भरून कापडाने मढवलेली. बैठक रुंद आणि खोल, वर सुटी जाड उशी. काहींना डोक्याच्या दोन्ही बाजूंना 'कान'ही असतात, गार वाऱ्याचा झोत अडवायला. आरामाचा विचार किती बारकाईने केलाय बघा.

पण त्या काळच्या अनेक खुर्च्यांचे हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत येत नाहीत. बायकांच्या फुगीर झग्यांना जागा हवी होती ना! उठताना आपण पावलं मागे घेतो, धड पुढे झुकवतो आणि हातांनी रेटा देतो. रेटा द्यायला पुढे आधारच नसेल आणि उशी दबून कंबर गुडघ्यांच्या खाली गेली असेल, तर सगळा भार मांड्यांवर येतो. सत्तरीनंतर ते जड जातं. बर्जेरचा एक गुण मात्र मान्य करायला हवा : ती पायांवर उभी असते, त्यामुळे पावलं खाली सरकवता येतात. आपल्या जमिनीला टेकलेल्या सोफ्यात तेवढीही सोय नसते.

यात माझ्यासारख्या फिजिशियनचा काय संबंध? सांगतो. उठायला ज्यांना दुसऱ्याचा हात लागतो, ती माणसं मुद्दाम पाणी कमी पितात. बाथरूमसाठी सारखं कुणाला हाक मारायची? मग बद्धकोष्ठ, लघवीला जळजळ, चक्कर. माझ्याकडे येतात ते चक्करसाठी. खुर्चीचा विषय मीच काढतो.

घरातल्या आजी-आजोबांना त्यांच्या रोजच्या जागेवरून उठताना आज जरा बघा. झोके घ्यावे लागत असतील, तर उशीखाली घट्ट फळी घाला किंवा गुडघ्याएवढ्या उंचीची, पुढपर्यंत हात असलेली खुर्ची द्या. कालपर्यंत सहज उठणाऱ्याला आज अचानक जमत नसेल, तर मात्र खुर्ची बदलत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.