बुरुडाच्या अंगणातलं देणं

दहावीनंतर सातपुड्याच्या पायथ्याचं गाव सोडून मी जळगाव जामोदला शिकायला आलो आणि बुरुडांच्या वस्तीला लागून खोली घेतली. घरून ज्वारीचं पीठ यायचं, पैसे क्वचितच. शेजारच्या मावशीच्या ते लगेच ध्यानात आलं. तिनं मला उसनवारी दिली नाही, हातात कोयता दिला. कॉलेज सुटलं की मी तट्ट्यांसाठी कामट्या काढायचो आणि बाजार झाला की मावशी माझा हिशेब चुकता करायची. परीक्षेचा फॉर्म, पुस्तकं, एसटीचं भाडं त्यातूनच भागलं. माझ्या शिक्षणावर पहिला हक्क त्या घराचा आहे, असं मी आजही मानतो.

बांबू उभा चिरणं हे ताकदीचं काम नव्हे. कोयता बसवायचा, पेराशी आला की मनगटाचा एक झटका द्यायचा. चीर सरळ उतरली तर दोन्ही कामट्या सारख्या निघतात. कलली तर एक जाड, एक पातळ, आणि माल वाया. चीर कलू लागली की मावशी म्हणायची, "बापू, बांबूसंगं भांडू नोको. जिकडे जाड हाय, तिकडे वाकव." जाड बाजू वाकवली की चीर खरोखरच मध्यावर येते. वरची हिरवी साल चिवट, ती काठाला आणि जिथं ताण पडतो तिथं वापरायची. आतला पांढरा भाग हलक्या मालाला. सूप कोणाच्या घरी जाणार, त्यात काय पाखडलं जाणार, हे विचारून ती वीण धरायची. घरी नेल्यावर बाया ते भिजवलेली मेथी आणि कागदाच्या लगद्यानं लिंपत, म्हणजे बारीक दाणाही निसटत नसे.

आमच्या वऱ्हाडात सुपाचं नातं जन्मापासूनचं. आधीची लेकरं दगावली असतील तर नव्या बाळाला सुपात घालायचे आणि त्याचं नाव सुपडा किंवा सुपडाबाई ठेवायचे. माझ्या वडिलांचं नाव त्यातलंच. म्हणजे बुरुडाचं देणं माझ्याकडं एका पिढीआधीच चालत आलं होतं.

प्लास्टिकनं हा धंदा खाल्ला, असं सरसकट म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. शेत बदललं, हे जास्त खरं. बुलडाण्यात ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली. खळं गेलं, मळणीयंत्र आलं. तिव्यावर उभं राहून टोपल्यानं उपणायचं काम संपलं. माल शेतातूनच बाजारात जाऊ लागल्यावर कणगी कोण विणून घेणार? ज्या खामगावच्या कापसासाठी इंग्रजांनी १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा काढला, त्या बाजारात तट्ट्या लावलेल्या बैलगाड्या कापूस घेऊन जात. आता ट्रॅक्टरची ट्रॉली जाते. गिऱ्हाइकाची गरजच उठून गेली, आणि आपण मात्र कारागिराला सांगत राहिलो की काळाबरोबर बदल.

बदल होऊ शकतो, पण तो एकट्या कारागिरावर टाकून नाही. शेजारच्या मेळघाटात लवादा इथं सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. कोरकू कारागिरांना शिकवलं, बांबूची घरं, फर्निचर, राख्या बनवून त्यांना बाजार मिळवून दिला. सुनीलभाऊ २०२१ मध्ये गेले. त्यांच्या कामातून मला एक गोष्ट पटली: कसब आधीपासून गावात असतं, नसतो तो विकण्याचा रस्ता. २०१७ साली कायदा बदलून जंगलाबाहेरचा बांबू 'वृक्षा'च्या व्याख्येतून वगळला, हे चांगलं झालं. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत टोपल्या विणणारेही आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज मिळतं. पण चांगला बांबू वेळेवर आणि परवडेल अशा भावात हाती पडला नाही आणि विणलेला माल उचलला गेला नाही, तर ते कर्ज फेडायचं कशातून?

मावशी आता नाही. तिचा मुलगा लग्नसराईत सुपं आणि दुरड्या करतो, एरवी गवंड्याच्या हाताखाली जातो. मी ओळखीच्या घरांत लग्न ठरलं की त्याच्याकडं काम लावून देतो. एवढ्यानं ऋण फिटत नाही, त्याचं घर मात्र थोडं चालतं.

तुमच्याकडं कार्य असेल तर रुखवतासाठी, वाणासाठी लागणारी सुपं-दुरड्या आपल्या तालुक्यातल्या बुरुडाकडून घ्या. महिनाभर आधी सांगा आणि निम्मे पैसे आगाऊ द्या, कारण बांबू त्याला रोखीनं घ्यावा लागतो. आणि भाव पाडून मागू नका.