ज्याचा कुंचला त्याच्या हाती

कोल्हापूरला लोक कौतुकाने ‘कलापूर’ म्हणतात. कुस्ती, गूळ आणि चपला यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहेच. पण चित्रकलेचे वेडही या मातीत खोल रुजलेले आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आलेले अबालाल रहिमान येथे कोटितीर्थ तलावाच्या परिसरात राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला होता. पण त्यांचे मन रमले ते तळ्याकाठची झाडे आणि पाण्यावर उतरणारे ऊन यांत. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे रंगविले. पुढे बाबूरावांनी १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला आणि चित्रपटसृष्टीत मोठे नाव मिळविले. तरीही लोकांच्या तोंडी ते ‘पेंटर’च राहिले. अशा या गावात रविवारी सकाळी रंकाळ्याच्या काठी दहापंधरा माणसे मांडीवर फळ्या घेऊन चित्रे काढीत बसलेली दिसली, तर कोणालाही नवल वाटत नाही.

ही मंडळी काही नामांकित चित्रकार नव्हेत. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत, चांदीचे दागिने घडविणारा एक कारागीर आहे, औषधांचे दुकान चालविणारे एक गृहस्थ आहेत, शाळेत चित्रकला शिकविणाऱ्या एक बाई आहेत आणि सहावी-सातवीत शिकणारी चारपाच मुलेही आहेत. मंडळाला ना इमारत, ना पाटी, ना अध्यक्ष. थोडीशी वर्गणी निघते, ती चहाला आणि वर्षाकाठी भरणाऱ्या प्रदर्शनातील चौकटींना पुरते. कधी रंकाळा, कधी पंचगंगेचा घाट, कधी पन्हाळ्याची तटबंदी, असे या मंडळींचे ठिकाण ठरते. पावसाळ्यात मात्र कोणाच्या तरी घरची ओसरी गाठावी लागते. तेथे तांब्या, वांगी, केळी किंवा जुना कंदील समोर मांडून काम चालते.

सामान तरी ते किती! एक लाकडी फळी, तिला चिमट्यांनी लावलेला जाड कागद, पेन्सिल, लहानमोठे तीन कुंचले, रंगांची पेटी, जुने फडके आणि पाण्याची दोन भांडी. नव्याने आलेल्या मुलाला दोन भांड्यांचे प्रयोजन कळत नाही. एक भांडे मळलेला कुंचला धुण्यासाठी आणि दुसरे रंगात मिसळावयाच्या स्वच्छ पाण्यासाठी. हे पथ्य पाळले नाही, तर गढूळ पाणी प्रत्येक रंगात उतरते आणि आकाशदेखील धुळीने माखल्यासारखे दिसू लागते.

जागा पकडून बसले, की पहिली दहा मिनिटे कोणीही कुंचल्याला हात लावावयाचा नाही, असा संकेत आहे. या वेळात फक्त पाहावयाचे. मुलांना हे फार जड जाते. समोर पाण्यात संध्यामठाचे दगडी खांब उभे असतात, पलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा झाडांतून डोकावत असतो, आणि हात तर शिवशिवत असतात! अशा वेळी चित्रकलेच्या बाई पुठ्ठ्याच्या मधोमध कापलेली एक लहानशी चौकट त्यांच्या हाती देतात. तिच्यातून पाहिले, म्हणजे अफाट पसरलेल्या देखाव्यातला नेमका कोणता तुकडा कागदावर घ्यावयाचा, हे ठरविता येते. मग त्या डोळे किलकिले करून पाहावयास सांगतात. तसे केले, की पाने, भेगा, खिडक्या असे सारे बारकावे पुसट होतात आणि उजेडाचे व सावलीचे मोठे आकार तेवढे उरतात. चित्राचा सांगाडा तोच. त्या आकारांची तळहाताएवढी आकृती आधी एखाद्या रद्दी कागदावर काढली, तर पुढची निम्मी चूक तेथेच टळते.

जलरंग हे मोठे मानी माध्यम आहे. तैलरंगात काळ्यावर पांढरे चढविता येते; जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच उजेड असतो आणि तो एकदा झाकला गेला, की पूर्ववत होणे कठीण. म्हणून पाण्यावर चमकणारी उन्हाची रेघ हवी असेल, तर ती जागा आरंभापासून कोरी राखावी लागते. आधी फिकट रंग, मग गडद. आधी मोठा कुंचला, मग बारीक. आणि एक थर वाळल्याखेरीज त्याच्या कडेला दुसरा लावावयाचा नाही, असा क्रम येथे पुन्हा पुन्हा सांगितला जातो. सावलीसाठी पेटीतला तयार काळा रंग कोणी घेऊ लागला, तर शेजारचा त्याला थांबवितो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग एकत्र केला, म्हणजे जी करडी छटा मिळते, तिच्यात सावलीचा गारवाही असतो आणि दगडाची ऊबही. तयार हिरव्याचेही तसेच. पिवळ्यात निळा मिसळून आणि त्याला तांबड्याचा किंचित स्पर्श देऊन केलेला हिरवा इथल्या झाडांना अधिक शोभतो. दूरची झाडे मात्र निळसर व फिकट रंगवावी लागतात; कारण ती आणि पाहणारा यांच्यामध्ये हवेचा जाड पडदा असतो.

ऊन चढू लागले, की काम थांबते. सगळी चित्रे कट्ट्याला टेकवून ओळीने मांडली जातात आणि चर्चा सुरू होते. या चर्चेचे तीन नियम आहेत. पहिला असा, की बोलावयाचे ते चित्राविषयी, चित्रकाराविषयी नव्हे. ‘तुला झाड जमत नाही’ असे म्हणावयाचे नाही. ‘या झाडाला सावलीची बाजू दिसत नाही’ असे म्हणावयाचे. दुसरा असा, की एका चित्रातील एकच उणीव दाखवावयाची आणि तिचे कारणही सांगावयाचे. दहा उणिवा एकदम ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तिसरा नियम सर्वांत कडक आहे: कोणीही दुसऱ्याच्या चित्राला कुंचला लावावयाचा नाही.

हा तिसरा नियम आरंभापासून नव्हता. सातवीतली एक मुलगी एकदा संध्यामठ रंगवीत होती. पाण्यावरची उन्हाची रेघ तिने मोठ्या निगुतीने कोरी राखली होती. पण आकाश वाळण्याआधीच तिने दगडांना हात घातला आणि काळसर रंग वर आकाशात पसरला. ती रडवेली झाली. शेजारी बँकेतले आजोबा बसले होते. मंडळीत त्यांचा हात सर्वांत कसलेला. त्यांना तिची दया आली. “आण बाळ, इकडे,” असे म्हणत त्यांनी फळी आपल्या मांडीवर घेतली, ओलसर कुंचल्याने पसरलेला रंग हलकेच टिपला, खांबांना चारदोन ठाशीव फटकारे दिले आणि बघता बघता चित्र उभे राहिले. भोवतालच्यांनी “वा!” म्हटले. मुलीनेही मान लववून आभार मानले.

पुढे चित्रे मांडण्याची वेळ आली, तेव्हा तिचे चित्र ओळीत नव्हते. बाईंनी विचारले, तेव्हा तिने पिशवीतून ते काढले आणि खाली पाहात म्हटले, “बाई, हे चांगले आहे, पण माझे नाही. हे आजोबांचे आहे.”

कोणीच काही बोलले नाही. आजोबाही गप्प राहिले. चित्र वाचले होते. परंतु ज्या हाताला ते वाचविता यावयास हवे होते, त्या हाताला काहीच लाभले नव्हते. दया खरी होती, कसब खरे होते, आणि तरीही त्या मुलीच्या हातून काहीतरी काढून घेतले गेले होते.

पुढच्या रविवारी आजोबा तिच्या शेजारीच बसले; पण या वेळी त्यांनी आपल्या कागदावर तोच संध्यामठ घेतला. “आकाश लावले. आता बोटाची मागची बाजू टेकवून पाहतो. गार लागते आहे, म्हणजे अजून ओल आहे. थांबतो,” असे ते स्वतःशीच मोठ्याने बोलत होते. मुलगी पाहात होती आणि आपल्या कागदावर काम करीत होती. तिचे दोन कागद वाया गेले. तिसऱ्यावर मात्र तिने एक निराळीच गोष्ट केली. खांबांच्या पायथ्याशी कागद मुद्दाम ओलसर ठेवून तिने रंग तेथे पसरू दिला. पहाटेच्या धुक्यात दगड पाण्यात विरघळत आहेत, असे वाटू लागले. गेल्या खेपेला जे घात करून गेले होते, तेच तिने कामाला लावले होते. आजोबांनी ते चित्र हात लांब करून बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, “हे मला सुचले नसते.” त्याच दिवशी तिसरा नियम ठरला, आणि तो सुचविला आजोबांनीच.

सोबत काम करावे, पण ज्याने त्याने आपल्याच डोळ्यांनी पाहावे, ही रीत थोरांनीही पाळली आहे. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा कलावंतांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन केला. सूझा गोव्याचे, हुसेन पंढरपुरात जन्मलेले, तर आरा यांनी मुंबईत घरगडी म्हणून राबत चित्रकला जोपासलेली. बाकरे तर मूर्तिकार. हे सारे एकत्र आले, त्यांनी एकत्र प्रदर्शन भरविले. परंतु सूझांची ठसठशीत रेषा रझांनी उचलली नाही, की हुसेनांचे घोडे आरांच्या फुलदाण्यांच्या चित्रांत शिरले नाहीत. मैत्रीने प्रत्येकाला बळ दिले. कोणाचे वेगळेपण हिरावून घेतले नाही.

आता हातोहाती कॅमेरा असलेला मोबाइल आला आहे. रंकाळ्याचे छायाचित्र एका क्षणात निघते. मग दोन दोन तास उन्हातान्हात कशाला बसावयाचे, असे येणारेजाणारे विचारतात. औषधांच्या दुकानाचे मालक हसून उत्तर देतात, “तीस वर्षे या रस्त्याने जात होतो. मठाच्या खांबांची सावली सकाळी निळी असते, हे चित्र काढायला बसलो तेव्हा कळले.”

वर्षाकाठी एका लहानशा दालनात मंडळाचे प्रदर्शन भरते. भाजीवाल्या मावशी येतात, रिक्षावाले येतात, शाळेतली मुले रांगेने येतात. एका भिंतीवर संध्यामठाचीच चौदापंधरा चित्रे टांगलेली असतात. एकात तो उन्हाने तापलेला आहे, दुसऱ्यात पावसाने काळवंडलेला, एकात नुसत्या चार रेघांचा, तर एकात धुक्यात विरघळणारा. मठ एकच आणि गुरूही तेच. परंतु कोणतीही दोन चित्रे सारखी नसतात. पाहणारे एका चित्रापुढून दुसऱ्याकडे जातात, पुन्हा मागे वळतात आणि आपापसांत वाद घालतात, की खरा मठ यांतला कोणता?