घासाघीस

जमाखर्चाचं ज्ञान असलेल्या माणसाने ते निदान घरात तरी कुणाला कळू देऊ नये. मी बी. कॉम. आहे आणि गेली २२ वर्षं बँकेत कारकुनी करतो. (बँकेने आता आमच्या टेबलावर काहीतरी भारदस्त इंग्रजी हुद्द्याची पाटी लावली आहे, पण पाटीमागचा कारकून तोच आहे.) त्यामुळे घरात एखादी वस्तू बंद पडली की ती माझ्यापुढे येते. दुरुस्तीसाठी नव्हे, मी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला की सौ. मुलाला शेजारी पाठवते. वस्तू दुरुस्त करणं परवडतं की नवी घेणं परवडतं, एवढाच निकाल मी द्यायचा. आजवर मिक्सर, इस्त्री, दोन पंखे आणि एक छत्री इतके खटले मी निकालात काढले. पण २०२५ च्या सप्टेंबरात आमचं भांडी धुण्याचं यंत्र बंद पडलं आणि माझ्या पदवीचा खरा कस लागला.

बंद पडायला त्याने दिवसही नेमका निवडला. पितृपक्षात, वडिलांच्या तिथीला. खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी, पानाला १४ माणसं. संध्याकाळी भांड्यांनी गच्च भरलेलं यंत्र सुरू केलं. त्याने घशात वडा अडकल्यासारखा आवाज केला, तीनदा टूं टूं केलं आणि पडद्यावर एक इंग्रजी अक्षर व एक आकडा दाखवून गप्प बसलं. पुस्तिकेत त्या आकड्यापुढे उपाय लिहिला होता : 'सेवा केंद्राशी संपर्क साधा.' सगळ्याच आकड्यांपुढे तोच उपाय होता.

हे यंत्र आमच्याकडे आलं ते २०२० च्या जुलैत. टाळेबंदी होती, बाई येऊ शकत नव्हत्या, आणि बँक मात्र अत्यावश्यक सेवेत! दिवसभर तोंडाला फडकं बांधून लोकांच्या नोटा मोजायच्या आणि घरी येऊन आंघोळ करून पुन्हा भांड्यांपुढे उभं राहायचं. मे महिन्यात माझ्या स्वप्नात कढई आली. जूनमध्ये मी ३८,००० रुपये मोजले.

भांडी धुण्याचं यंत्र ही वस्तू मुळात आपल्यासाठी निघालेलीच नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या जोसेफीन कॉक्रेन या बाईंनी १८८६ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं. बाईंची तक्रार अशी की नोकरमाणसं धुताना चिनी मातीच्या बशांचे टवके उडवतात. म्हणजे प्रश्न घासण्याचा नव्हताच, फुटण्याचा होता. आमची भांडी स्टीलची. ती फुटत नाहीत, त्यांना पोचे येतात. आणि त्यांच्यावर कोरलेल्या नावांमुळे कुठला पोचा कुणाच्या माहेरचा हेही कळतं.

शिवाय यंत्राचे नखरे किती! लोखंडी तवा चालत नाही, गंजतो. अॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही, काळा पडतो. पितळ नको, लाकडी पोळपाट नको. थोडक्यात, जी घासताना माणसाचा जीव जातो ती भांडी सोडून बाकी सगळी त्याला चालतात. असे एक साहेब मागे आमच्या शाखेतही होते.

आईला तर पहिल्या दिवसापासून ते पाहुण्यासारखं वाटलं. खरकटं भांडं त्याच्या पुढ्यात टाकणं तिला प्रशस्त वाटेना. म्हणून ती प्रत्येक ताट आधी विसळून, वेळप्रसंगी घासून, मग यंत्रात ठेवायची. "आई, मग ते धुणार काय?" असं विचारलं तर म्हणाली, "त्याच्या मनाचं समाधान."

तर असो. सेवा केंद्राला फोन केला. तुमचा फोन आमच्यासाठी किती मोलाचा आहे हे त्यांनी २० मिनिटं वाजवून दाखवलं आणि चौथ्या दिवशी एक तरणाबांड मुलगा पाठवला. त्याने यंत्राचं पोट उघडलं, आत बॅटरी मारली आणि विचारलं, "सर, कुठलं मीठ टाकता?"

इथे वाचकांना थोडं रसायनशास्त्र सांगणं भाग आहे. आमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी थोडं आणि टँकरचं फार. टँकरच्या पाण्यात क्षार असतात. ते काढायला यंत्रात एक डबी असते. तिच्यातले बारीक मणी पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी थकले की मिठाच्या पाण्याने त्यांना पुन्हा ताजंतवानं करायचं. ते मीठ वेगळं मिळतं, जाडं आणि निव्वळ. स्वयंपाकाचं मीठ बारीक असतं आणि मोकळं राहावं म्हणून त्यात आणखी काही घातलेलं असतं. त्याने ती डबी तुंबते. हे सगळं मला आता माहीत आहे. त्या वेळी एवढंच माहीत होतं की यंत्राचं मीठ महाग आणि घरचं स्वस्त. म्हणून गेले आठ महिने मी डब्यातलं आमटीचं मीठ गुपचूप यंत्राला घालत होतो.

"तेच... जे मिळतं ते," मी म्हणालो.

मुलाने बोटावर पांढरा थर घेऊन दाखवला. हीटरवर हा एवढा थर, पंप जाम. सौ. दारात उभी होती. ती काही बोलली नाही. लग्नाला १९ वर्षं झालेल्या माणसाला अशा न बोलण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मला एकदम आठवलं, गेल्या आठ महिन्यांत ती दोनतीनदा म्हणाली होती, "मीठ फार लवकर संपतंय हो हल्ली."

मुलाने आकडा सांगितला : १३,४००. पंप, हीटर, मजुरी. हमी फक्त नव्या भागांची आणि तीही तीन महिन्यांची. मी घासाघीस करून पाहिली. पण कंपनीचे दर त्याच्या फोनमध्येच छापलेले होते. जाताना तो आपुलकीने म्हणाला, "सर, मनापासून सांगू? बदलून टाका. वय झालं आता याचं."

"साडेपाचसुद्धा झाली नाहीत," आई आतून म्हणाली. "मौंजसुद्धा व्हायची आहे त्याची!" आईच्या फळीवर तिच्या लग्नातलं पितळी पातेलं आहे, वर '१९७२' कोरलेलं. कथील आणि नवसागर घेऊन येणाऱ्या कल्हईवाल्याच्या भात्यापुढे ते किती वेळा चकचकीत झालं असेल याची गणती नाही. कल्हईवाल्याने एकदाही "बाई, वय झालं, बदलून टाका" असं म्हटलं नव्हतं.

मी रात्री वही काढली. सरळ रेषा पद्धतीने घसारा काढला. खरेदी ३८,०००, अवशेष मूल्य ३,०००, आयुष्य १० वर्षं. म्हणजे दरसाल ३,५०० आणि पाच वर्षांनी पुस्तकी किंमत २०,५००. मग ऱ्हासमान शेष पद्धतीने १५ टक्क्यांनी काढला, तर १६,८६१. भंगारवाल्याने त्याच्या पद्धतीने काढला, तर ९००. नव्या यंत्राची किंमत ४६,०००; पण ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने भांडी धुण्याच्या यंत्रांवरचा कर २८ वरून १८ टक्के केला होता आणि तो लागू होणार होता २२ तारखेला, म्हणजे बरोबर घटस्थापनेला. पितृपक्षात नवी वस्तू घ्यायची नाही हे आईचं म्हणणं आणि अर्थखात्याचं म्हणणं आयुष्यात प्रथमच जुळलं. नवी किंमत ४२,४०६. बचत ३,५९४. हे ३,५९४ वाचवण्यासाठी मी ४२,४०६ रुपये खर्च करायला जवळजवळ तयार झालो होतो, यावरून बी. कॉम.चा अभ्यासक्रम किती वरवरचा आहे हे लक्षात यावं.

बँकेत विचारलं. कॅशियर म्हणाले बदला, शिपाई म्हणाला घासा. सरकारने २०२२ च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर' म्हणून एक पोर्टल काढलं आहे, तेही पाहिलं. दुरुस्तीचा हक्क मला आहे हे वाचून बरं वाटलं; पण पंप कुठून घालायचा हा प्रश्न राहिलाच.

शेवटी नाशिकच्या मेव्हण्याला फोन केला. फोनला आमच्याकडे जिन्यातच काय ती रेंज. म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर उभा राहून मोठमोठ्याने बोललो. "अरे, वय झालंय रे आता. सांध्यासांध्यांत क्षार साचलेत. तेरा-चौदा हजार घालायचे, आणि सहा महिन्यांत पुन्हा आडवं झालं तर? छे, आता खर्च करण्यात अर्थ नाही. एवढा पितृपक्ष जाऊ दे. घटस्थापनेला चार माणसं येतील आणि उचलून नेतील."

मराठीत यंत्र नपुंसकलिंगी आहे आणि 'म्हातारं माणूस'ही नपुंसकलिंगीच आहे, हे व्याकरण मला दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं.

साडेपाचला भांड्यांच्या आवाजाने जाग आली. आई ओट्याशी उभी. उजवा पाय उचलून धरलेला, एका हाताने ओट्याची कड घट्ट पकडलेली आणि दुसऱ्या हाताने कढई घासणं चाललेलं. चार दिवसांचा ढीग निम्मा खाली आला होता.

"आई, हे काय? गुडघा..."

"काही नाही झालेलं गुडघ्याला. हे बघ, अजून चालतंय की सगळं." आणि मग माझ्याकडे न बघता, "डॉक्टरांना नको म्हणून कळव. उगीच या वयात कशाला खर्च."

आता हे सांगायलाच हवं. आईचा उजवा गुडघा बदलावा लागेल असं डॉक्टरांनी २०२४ च्या फेब्रुवारीत सांगितलं होतं. वडिलांच्या पेन्शनमुळे आई बँकेच्या नियमात 'अवलंबित' या व्याख्येत बसत नाही, म्हणून विम्यातून पैसे नाहीत. मी चौकशी मात्र सगळी केली होती. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने २०१७ च्या ऑगस्टमध्ये मर्यादा घातली हे मला पाठ होतं. तो बहुधा पंधरा-वीस वर्षं टिकतो हेही. पण आधी मुलाची दहावी, मग पावसाळा, मग 'दिवाळीनंतर बघू'. आणि माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने एक हिशेब होता. आईचं वय ७४, गुडघ्याचं आयुष्य इतकं, खर्च भागिले वर्षं. तो हिशेब मी सौ.लासुद्धा दाखवला नव्हता.

सौ. डोळे चोळत आली. तिने ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अहो, काल फोन कुठे उभं राहून केलात?"

मी गडबडीने सगळा खुलासा केला. यंत्र, क्षार, मेव्हणा, जुनं उचलून नेणारी दुकानाची माणसं. आई ऐकत होती. "मला कळलं होतं," ती म्हणाली. कळलं होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. मग पदराला हात पुसत म्हणाली, "आणि गुडघ्याला नाही का रे एक्स्चेंज? जुना देते की!"

ती हसली, सौ. हसली. मी हसलो नाही, कारण आई पुढे म्हणाली, "तुझ्या त्या दोन पद्धती आहेत ना रात्री पुटपुटत होतास त्या? एकीत दहा वर्षांनी सगळं संपतं म्हणालास. आणि दुसरीत?"

"दुसरीत किंमत कमी कमी होत जाते," मी म्हणालो, "पण शून्य कधीच होत नाही."

"मग मला त्या दुसरीत धर."

मी आत गेलो आणि वहीचं शेवटचं पान फाडलं. नऊ वाजता डॉक्टरांकडे फोन केला. मुदत ठेव मोडली तर व्याज किती बुडतं हे मी रोज लोकांना सांगतो. त्या दिवशी आमच्याच काउंटरवर स्वतःला सांगितलं आणि सही केली.

यंत्राचा निकाल त्यामुळे आपोआप लागला. नव्यासाठी पैसेच उरले नाहीत. कोपऱ्यावरच्या वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावलं. त्यांनी थर बघून आईला विचारलं, "काकू, बंबाला असा थर धरला तर काय करायचात?" आई म्हणाली, "लिंबू, नाहीतर चिंच." काकांनी वाण्याकडून लिंबूसत्त्व आणवलं आणि गरम पाण्यात दोनदा फिरवलं. हीटर मोकळा झाला. पंप मात्र त्यांनी दुसरा आणून बसवला. एकूण ४,७००. यंत्र चालतं, मध्येच कण्हतं, पण चालतं.

आईचा गुडघा नोव्हेंबरात बदलला. सहा आठवड्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं, रोज दहा मिनिटं आधार धरून उभं राहायचं. आई ओट्याचा आधार धरून उभी राहते. दहा मिनिटं रिकामं कसं उभं राहायचं म्हणून दोन-तीन ताटं घासून घेते, नीट निथळवते आणि मग यंत्रात ठेवते. झाकण लावायच्या आधी मला हाक मारते, "मीठ बघितलंस का रे? त्याचं वेगळं आणि आमटीचं वेगळं!"