उभी रेघ

वर्गात समीकरण सोडवताना '=' ही खूण कुठून आली, असे मुले कधी विचारीत नाहीत. सूर्यचंद्रासारखी ती पहिल्यापासूनच असणार, अशी त्यांची समजूत. रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्समधल्या वैद्याने ती १५५७ साली छापली. तेच शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा त्याला कंटाळा आला होता, आणि दोन समांतर रेघांइतक्या सारख्या वस्तू जगात दुसऱ्या नाहीत, असे त्याचे म्हणणे. त्याच्याही चारशे वर्षे आधी आपले भास्कराचार्य अज्ञात राशींना 'या', 'का', 'नी' म्हणत. यावत्तावत्, म्हणजे असेल तितकी. मग कालक, नीलक, म्हणजे काळी, निळी! ऋण संख्येच्या डोक्यावर ते नुसते टिंब देत. आमच्या कोरड्या 'क्ष'पेक्षा हे रंगीत बीजगणित मला जवळचे वाटते.

पण विजयदुर्गासारख्या बंदरात ज्या खुणांवर संसार चालले, त्या याहून साध्या. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. सव्वापाच ५।, साडेपाच ५॥, पावणेसहा ५॥।. आण्यांना आडव्या रेघा. पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे याच हिशेबासाठी. औट म्हणजे साडेतीन. १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि रेघा हळूहळू वह्यांतून गेल्या. जिभेवरचे सव्वा, दीड, अडीच मात्र अजून जागचे हललेले नाहीत.

या खुणेत एक खोड होती. ती वाढवायला फार सोपी! हुंडी लिहिणारे म्हणूनच आकड्यावर विसंबत नसत. रक्कम अक्षरी लिहीत, वर तिची निमे रक्कम लिहून 'याची दुप्पट' असेही घालीत. घरच्या वहीत एवढा बंदोबस्त कोण करतो?

आमच्या पणजोबांच्या वहीत शेजारच्या घराच्या नावे भाताची बाकी आहे, २॥ खंडी. शेजारी म्हणत, २।. खंडीचे वीस मण, म्हणजे तंटा पाच मणांचा. तेवढ्यावरून तीन पिढ्या दोन्ही घरांचे हळदीकुंकूसुद्धा बंद! परवा माळा झाडताना ती वही सापडली. घरात त्या रेघा वाचता येणारी एकटी आजी. तिने वही उजेडात धरली, बोट फिरवले. दुसरी रेघ पहिलीपेक्षा फिकी होती, किंचित कललेलीही.

"आजी, ही मागाहून ओढलेली का गं?"

"रेघेक काय लागता? हात हललो की झाली," एवढेच म्हणून तिने वही मिटली.

बोरू वाळला तरी रेघ फिकी उमटते, हे मलाही ठाऊक आहे. शेजारचे घर वर्षभर बंद असते. मुंबईची मंडळी दिवाळीला येऊन दार उघडतात. धनत्रयोदशीला येतील. वही अजून माझ्या टेबलावरच आहे.