वाढणारीने कधी जेवायचे?

बायांनो, तुमच्या घरी तव्यावरची गरम भाकरी कोणाच्या ताटात पडते, हे मी विचारत नाही. मला ठाऊक आहे. घरधन्याला, लेकरांना, पाव्हण्याला. टोपलीच्या तळाची गार झालेली उरते ती आपल्याला. यात कोणी जुलूम करतो असे नाही. वाढणारीने मागून जेवायचे ही रीतच पडली आहे. या रीतीचा विचार करायला मला पुण्याच्या एका हॉटेलाने लावले. ते कसे, ते ऐका.

आमचा मुलगा पुण्याला नोकरीस लागला. २०२४ ची दिवाळी झाल्यावर त्याने हट्ट धरला, "आजीला घेऊन या, सगळ्यांना बाहेर जेवायला नेतो." उमरीहून नांदेड, तिथून रेल्वेने पुणे असे आम्ही गेलो. हे, मी आणि आत्याबाई. आत्याबाई माळकरी. आयुष्यात हॉटेलची पायरी त्यांनी चहापुरतीच चढलेली.

त्या हॉटेलात टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची शेगडी बसवलेली. वाढपी पोरे भाजलेल्या शिगा आणून त्यावर ठेवतात. संपल्या की दुसऱ्या येतात. टेबलावर एक इवलासा झेंडा असतो. तो उभा असेपर्यंत वाढणे थांबत नाही. पुरे झाले की आपण तो आडवा करायचा. बार्बेक्यू नेशन नावाची अशा हॉटेलांची साखळी २००६ साली मुंबईत निघाली, तेव्हापासून ही तऱ्हा आपल्याकडे माहीत झाली. मुलाने आधीच सांगून ठेवल्यामुळे आत्याबाईंची शाकाहारी शेगडी वेगळी मांडली होती.

ब्राझील देशात अशी हॉटेले फार. तिथल्या दक्षिण भागातले गुराखी माळावर खड्ड्यात निखारे करून मांस भाजून खात, त्यातून ती निघाली. तिथे वाढपी मोठी शीग हातात घेऊन टेबलाटेबलाशी फिरतो आणि ताटात कापून वाढतो. गिऱ्हाइकापुढे एक चकती असते. हिरवी बाजू वर असली की वाढा, लाल असली की थांबा. तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? आगटी पेटवून हुरडा भाजतो तेव्हा आपण तरी काय करतो? एक जण कणसे भाजतो, एक जण चोळून देतो आणि पाव्हणा "बास" म्हणेपर्यंत गरम हुरडा येतच राहतो.

ब्राझीलमध्ये शिगेवर बहुधा गाईबैलांचे मांस असते. तिथे वीस कोटींहून जास्त गुरे आहेत आणि बरीचशी वशिंडाची, म्हणजे आपल्याच देशातून जहाजाने गेलेल्या गुरांच्या वंशातली. आंध्रातल्या ओंगोल जातीला तिकडे नेलोर म्हणतात. आपण पोळ्याला लाल कंधारीच्या जोडीला पुरणपोळी चारतो, आणि वशिंडाची गुरे तिकडे ताटात जातात! आपल्या राज्यात २०१५ पासून गाईप्रमाणे बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. त्यामुळे पुण्यात शिगेवर होते ते कोंबडी, मटण, मासे, पनीर, बटाटे आणि भाजलेले अननस.

यांनी शेवटी हिशेब मांडलाच. चौघांचे बिल म्हणजे जवळजवळ एक क्विंटल सोयाबीन. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण बाजारात त्याहून कमीच मिळत होता. ब्राझील जगात सर्वांत जास्त सोयाबीन पिकवतो, आपल्या देशाच्या दहापटीहून अधिक. तिकडे अमाप पिकले की पेंडेचा भाव उतरतो आणि लातूरच्या बाजारात आपले पोते हलके होते. शिगेवरची कोंबडीही मका आणि सोयापेंडेवरच वाढलेली. म्हणजे आपलाच माल आपण महाग करून खाल्ला, असे हे म्हणाले. मुलगा हसला, पण ते खोटे नव्हते.

पण मला सांगायचे आहे ते आत्याबाईंचे. ताटात गरम पनीर पडले तशा त्या उठू लागल्या. हात आपोआप दुसऱ्याला वाढायला गेला. मुलगा म्हणाला, "आजी, बस. आज तुला वाढायचंय." पंच्याहत्तरीची बाई अवघडून बसली. अननसाची फोड आवडली म्हणून पोराने आणखी दोन वाढल्या. झेंडा आत्याबाईंच्याच हाताशी होता. तो आडवा करावा की नाही, त्यांना ठरवता येईना. "पुरे" म्हणण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती!

मग त्यांनी वाढप्यालाच विचारले, "बाळा, तू जेवलास का?"

तो म्हणाला, "आमचं सगळ्यांचं झाल्यावर, आजी."

आत्याबाई एवढेच म्हणाल्या, "म्हणजे इथंबी तसंच."

बायांनो, त्या पोराला निदान पगार मिळतो. आपल्याला हॉटेल नको नि शिगा नकोत. सोय आपल्याला घरातच करता येते. आम्ही रात्रीच्या भाकरी आधी थापून कपड्यात गुंडाळून ठेवतो, भाजी-वरणाची भांडी मध्ये मांडतो आणि सगळे एकदम बसतो. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे, पाणी ज्याचे त्याने आणावे. पहिले आठ दिवस आत्याबाई सवयीने उठत. आता उठत नाहीत. सकाळी शेताची घाई असते, तेव्हा हे जमत नाही; पण रात्री जमते.

भाकरी थोडी निवते, हे खरे. पण ती सगळ्यांचीच सारखी निवते. घरातल्या पुरुषांनीही हे वाचावे आणि आज रात्री आपल्या घरी करून पाहावे.